सशाचा कान पाहिलात का?

ससा हा आपल्याला आधी गोष्टीत भेटला आणि फार उशिरा अंगणात आला. गाय, म्हैस, शेळी यांची देखभाल आपण घरातच पाहून पाहून शिकतो. म्हशीने रवंथ थांबवला की म्हाताऱ्या माणसाच्या लगेच लक्षात येते. सशाच्या बाबतीत हे पिढीजात ज्ञान आपल्याजवळ नाही. पोरांच्या हट्टापायी आठवडे बाजारातून पांढऱ्या सशांची जोडी येते, पडवीतल्या खोक्यात बसते, कोबीची पाने खाते आणि पाचसहा महिन्यांत एक दिवस मान टाकते. घरातली माणसे म्हणतात, "नाजूक जनावर, टिकलं नाही." ससा नाजूक असतो हे खरे, पण यांतली बरीच मरणे टाळता येण्यासारखी असतात.

आधी एक खुलासा करतो. काढणीच्या वेळी शेतात सापडणारे रानसशाचे पिल्लू आणि बाजारातला पाळीव ससा या दोन वेगळ्या जाती आहेत. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण दिले आहे. त्याला धरू नका, घरी आणू नका. हा लेख आहे तो पाळीव सशाविषयी.

ससा दुखणे लपवतो. रानात ज्याच्यावर सगळेच टपलेले असतात, त्याला आपण आजारी आहोत हे दाखवून चालत नाही. हा स्वभाव पिंजऱ्यातही सुटत नाही. तो खाणे सोडतो तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. तेव्हा धावपळ करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. म्हणून दर आठवड्याला एक वार ठरवा आणि सशाला मांडीवर घेऊन तपासा. त्याला कानाला धरून कधीही उचलू नका. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली द्या, नाहीतर झटापटीत त्याचा कणा मोडू शकतो.

पहिल्यांदा कान पाहा. कानात तपकिरी खपल्यांचे थर दिसले, ससा डोके झटकू लागला किंवा मान वाकडी करून खाजवू लागला, तर कानातल्या खरजेचे किडे झाले असे समजावे. मग नाक, ओठ, कानाच्या कडा आणि पायांची बोटे पाहा. तिथे पांढुरकी, राखेसारखी खपली धरली असेल तर ती अंगावरची खरूज. ही माणसालाही लागू शकते. सशाशी खेळणाऱ्या मुलाच्या हाताला, पोटाला खाज सुटली तर मुलाला डॉक्टरांकडे न्या आणि सशाला पशुवैद्यांकडे. दोघांपैकी एकावरच उपचार केला तर खाज पुन्हा फिरून येते.

विस्ताराच्या कामात गावोगाव हिंडताना एक गोष्ट मला वारंवार दिसली, आणि तिचे मला फार वाईट वाटते. जनावराच्या अंगावर किडे दिसले की हात कोनाड्यातल्या फवारणीच्या डब्याकडे जातो. एका घरी सशाच्या खरजेवर कपाशीवरचे उरलेले औषध पाण्यात कालवून चोळले होते. मी दुसऱ्या कामासाठी गेलो होतो. ससा रात्रीच मेला होता. दहा वर्षांची मुलगी मला विचारत होती, "साहेब, औषधच तर लावलं होतं ना?" तिला काय सांगणार? रोगापेक्षा औषध भयंकर, ही म्हण त्या लेकराला समजावून सांगण्यासारखी नव्हती. ससा दिवसभर आपले अंग चाटून स्वच्छ करतो. अंगावर जे लावाल ते त्याच्या पोटात जाते. पिकाचे औषध जनावराच्या अंगाला लावू नये, हे सशाच्या बाबतीत तर दारावर लिहून ठेवावे.

कुत्र्याच्या पिसवा-गोचिडांवरची औषधेही सशाला चालत नाहीत. त्यांतले फिप्रोनिल सशाला घातक ठरते. मुलांच्या जंताच्या गोळीचा तुकडाही त्याला देऊ नका.

खरजेवर चांगला उपाय आहे, तो आयव्हरमेक्टिनचा. आपणा मातीत राबणाऱ्यांना ऐकून बरे वाटेल, की हे औषध मातीतूनच आले. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेगळ्या केलेल्या एका सूक्ष्मजीवात त्याचे मूळ सापडले, विल्यम कॅम्पबेल यांनी त्याचा जनावरांच्या परजीवींवरचा गुण दाखवला आणि १९८१ च्या सुमारास ते पशुवैद्यकात वापरात आले. या कामासाठी दोघांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र हे इंजेक्शन पशुवैद्यांच्याच हातून द्यावे. का, ते हिशेबाने पाहा. एक टक्क्याच्या औषधाची बैलाची मात्रा ५० किलो वजनाला १ मिलिलिटर. त्याच मापाने दोन किलोच्या सशाला ०.०४ मिलिलिटर, म्हणजे मिलिलिटरचा पंचविसावा भाग लागतो. सशासाठी मात्रा थोडी वाढवायची की नाही हे पशुवैद्य ठरवतात, पण बैलाच्या सिरिंजने अंदाजे टोचायचा हा प्रकार नव्हे. दुसरे असे, की या औषधाने किडे मरतात पण त्यांची अंडी मरत नाहीत. म्हणून दहा ते चौदा दिवसांनी दुसरे इंजेक्शन द्यावेच लागते. पहिल्यानेच ससा बरा दिसतो आणि लोक दुसऱ्याला जात नाहीत, तिथेच घोटाळा होतो. शिवाय एकत्र राहणाऱ्या सगळ्या सशांवर एकाच वेळी उपचार करा, पिंजरा धुऊन उन्हात टाका आणि जुना पेंढा जाळा. कानातल्या खपल्या नखाने उपटू नका. औषध लागू पडले की त्या आपोआप सुटतात.

आता पोटाकडे वळू. कोंबड्या पाळणाऱ्यांना रक्ती हगवण माहीत आहे. तिच्याच कुळातला कॉक्सिडिया नावाचा सूक्ष्म परजीवी सशाच्या आतड्यात किंवा यकृतात वाढतो. दूध तुटण्याच्या वयाची पिल्ले त्याने पटापट दगावतात. पोट फुगते, हगवण लागते, अंग वाळते. याच्या प्रतिबंधाचे मर्म लेंड्यांत आहे. लेंडीतून बाहेर पडलेली त्याची बीजे लगेच रोग देत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की एकदोन दिवसांत ती पिकतात आणि मग घातक होतात. म्हणून रोज सकाळी पिंजरा झाडला, की ती पिकण्याआधीच बाहेर जातात. साध्या फिनाइलला ही बीजे दाद देत नाहीत. उकळते पाणी ओतावे, किंवा कुक्कुटपालक वापरतात ती फ्लेम गन लोखंडी जाळीवर फिरवावी. लेंड्या खाली पडतील अशी जाळीची बूड ठेवा, पण बसायला एक लाकडी फळी द्या, नाहीतर पायाला जखमा होतात. चारा जमिनीवर न टाकता गव्हाणीत किंवा टांगून द्या.

कुत्रा आणि ससा यांचेही एक नाते आहे. कुत्र्याच्या पोटातल्या एका चपट्या कृमीची अंडी त्याच्या विष्ठेतून गवतावर येतात. ते गवत खाल्ल्यावर सशाच्या पोटात पाण्याच्या फोडांसारख्या गाठी होतात. म्हणून कुत्री बसतात त्या बांधावरची हरळी सशासाठी कापू नका, आणि घरच्या कुत्र्याला पशुवैद्यांच्या सल्ल्याने नियमित जंताचे औषध द्या.

पावसाळ्यात शेपटीखाली रोज पाहा. हगवणीने भिजलेल्या केसांत माशी अंडी घालते आणि दिवसाभरात अळ्या पडून त्या जिवंत मांस खातात. अशा वेळी उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुष्कळ जण विचारतात, शेळीसारखे सशालाही ठराविक महिन्यांनी जंताचे औषध पाजावे काय? माझे उत्तर असे, की पशुवैद्यांनी लेंडी तपासून सांगितल्याखेरीज पाजू नये. उगाच दिलेल्या औषधाने परजीवी निर्ढावतात आणि खऱ्या गरजेला ते औषध चालत नाही. नवा ससा आणला तर तीन आठवडे वेगळा ठेवा. बहुतेक रोग दारातून असेच आत येतात.

या सगळ्याला लागते काय? एक खराटा, उकळते पाणी आणि आठवड्यातली दहा मिनिटे. हे काम ज्या मुलासाठी ससा आणला त्याच्याकडे सोपवा. एक जुनी वही द्या. कान, नाक, बोटे, शेपटी, वजन, एवढे दर रविवारी लिहू द्या. नंतर साबणाने हात धुवायला लावा. ज्याला आज सशाच्या कानातली खपली वेळेवर दिसली, त्याला उद्या गाईच्या कासेवरची सूजही वेळेवर दिसेल.