पाण्याला वाट

धाराशिवचे आमचे घर माळवदाचे. पन्हळीचे पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडे. खाली काळी माती. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. अखेर भिंतीला तडा गेला. मी म्हटले, “आई, आता पुण्याला चल.”

“भिंतीचा काय दोष? पाण्याला वाट दे की!”

मला नळदुर्गचा पाणीमहाल आठवला. १६१३ साली बोरी नदीच्या बंधाऱ्यातच बांधलेला. बाहेर पाणी कोसळते, आत माणूस कोरडा!

चर खणला. १० फुटांना १ इंच उतार देऊन नळ पुरला, तोंडाला जाळी बसवली, दूर परसात शोषखड्डा केला. हजार चौरस फुटांच्या माळवदावर इंचभर पाऊस म्हणजे २,३०० लिटरांवर पाणी!

पहिल्या पावसात भिंतीला हात लावून आई म्हणाली, “कोरडी आहे. पुण्याचं काय म्हणत होतास?”

मी चहा मागितला.