उसन्या भावांची वही

पेढीवरच्या साऱ्या वह्यांत भावाची वही दिसायला सर्वांत साधी. रोजमेळात पैसा असतो, खतावणीत माणसांची नावे असतात. भावाच्या वहीत नुसते आकडे. तिचा ताळा मागायला कोणी अधिकारी येत नाही आणि दिवाळीच्या वहीपूजनात तिला पाटावर जागा मिळेलच असेही नाही. तरीही मोठी खरेदी करण्यापूर्वी घरातला कर्ता पुरुष पहिल्यांदा तीच उघडतो. गेल्या वर्षी याच दिवसांत साखर काय होती, शेंगतेल कधी चढले, गूळ कधी उतरला, याची साक्ष तिच्याइतकी नेमकी दुसरे कोणी देऊ शकत नाही.

या वहीचा एक विशेष सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तिच्यातली एकही नोंद लिहिणाऱ्याच्या मालकीची नसते. भाव दुसरीकडे कुठेतरी ठरतो आणि वही तो नुसता टिपून ठेवते. पूर्वी तर तो रुमालाखाली ठरत असे. अडत्या आणि खरेदीदार हातांवर कापड टाकून एकमेकांची बोटे दाबत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला काही कळत नसे. पुढे बाजार समित्या आल्या, उघड लिलाव आले, भावाचे फलक लागले. सांगलीच्या गणपती पेठेतील एका पेढीवर आजोबांनी अशी वही अनेक वर्षे चालवली. डावीकडे जिन्नस, मग भाव, आणि उजवीकडे बारीक अक्षरात तो कोणाकडून कळला त्याचे नाव. पावसात रस्ता बंद झाला किंवा दलालाची चिठ्ठी आली नाही, तर त्या रकान्यात ते तीन शब्द लिहीत : भाव आला नाही. कालचाच आकडा पुन्हा उतरवणे सोपे होते. त्यांनी ते कधी केले नाही.

त्याच घरातला नातू आज पुण्यात संगणकाची नोकरी करतो आणि रात्रीच्या फावल्या वेळात हीच वही वेगळ्या रूपात चालवतो. त्याचे एक लहानसे संकेतस्थळ आहे. इंटरनेटवरून किराणा विकणाऱ्या काही मोठ्या विक्रेत्यांकडे तेल, साखर, तूरडाळ, चहा, रवा अशा जिनसांचे भाव रोज काय आहेत, हे ते मांडून दाखवते. पहाटे त्याचा प्रोग्राम एकेका विक्रेत्याचे पान उघडतो, त्यावरचा आकडा उचलतो, तारखेसह साठवतो आणि सकाळी आलेखावर एक नवा ठिपका उमटतो. गृहिणी ते पाहतात, खाणावळवाले पाहतात, आणि घाऊक खरेदीला निघण्यापूर्वी लहान गावांतले काही दुकानदारही पाहतात.

लांबून हे काम आपोआप चालणारे वाटते. प्रत्यक्षात त्याची राखण म्हातारीच्या दुखण्यासारखी आहे. आज गुडघा, उद्या कंबर. विक्रेता आपल्या पानाची मांडणी बदलतो आणि जिथे भाव असायचा तिथे प्रोग्रामला रिकामी जागा दिसते. रिकामी जागा तरी प्रामाणिक असते. खरी भीती चुकीच्या आकड्याची. विक्रीच्या भावाऐवजी छापील कमाल किंमत उचलली जाते. एका पिनकोडचा भाव दुसऱ्या पिनकोडला लागू नसतो. माल संपलेला असतो, तरी त्याची जुनी किंमत पानावर तशीच राहते. एकावर एक मोफत अशी योजना असली, की भाव नेमका कोणता म्हणावा हाच प्रश्न पडतो. आलेखाची रेघ मात्र सुबकच दिसते. ती चुकली आहे हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

एकदा दिवाळीच्या तोंडावर फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका काकूंचा फोन आला. दीडशे डब्यांचा भाव त्यांना त्याच दिवशी एका कार्यालयाला कळवायचा होता. संकेतस्थळावर सोयाबीन तेल अचानक स्वस्त दिसत होते. त्यांनी एवढेच विचारले, "बाळा, हा भाव लिटरचा आहे की पिशवीचा?" नातवाने पान उघडून पाहिले. पिशवी तीच, रंग तोच, नाव तेच. माप मात्र लिटरवरून ८५० मिलिलिटरवर आले होते. पिशवी १२० रुपयांची धरली, तर लिटरचा भाव १४१ रुपयांच्या वर जातो. स्वस्ताई दिसत होती ती कमी मापाची होती. दीडशे डब्यांच्या चकल्या त्या आकड्यावर तळल्या असत्या, तर काकूंच्या घरात दिवाळीनंतर काय उरले असते याचा हिशेब करायला फार शिक्षण लागत नाही.

मापाची ही गोष्ट व्यापारी घरांना नवी नाही. आवेष्टित वस्तूंचे नियम २०११ चे आहेत, आणि २०२१ च्या दुरुस्तीने अनेक जिनसा ठराविक मापांतच भरण्याचे बंधन काढून टाकले. त्याच दुरुस्तीत किलोला, लिटरला किंवा ग्रॅमला भाव किती पडतो, तो एकक भाव छापण्याची अट आली. मोकळीक आणि तिचा लगाम असे दोन्ही एकत्रच आले. तेलाचे तर आणखी एक कोडे आहे. लिटरभर सोयाबीन तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणून लिटर आणि किलो एका ओळीत मांडले, तर तराजू न हलवताच माप खोटे होते. त्या फोननंतर संकेतस्थळावर पिशवीचा भाव बारीक अक्षरात गेला आणि लिटरचा किंवा किलोचा भाव ठळक झाला. सर्व जुन्या नोंदी नव्याने मोजायला तीन आठवड्यांच्या रात्री गेल्या.

सुट्टीत घरी आल्यावर अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, हे सारे समजून घेतले. त्यांनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला. "हे भाव कुणाचे?"

"ज्यांची दुकाने आहेत त्यांचे."

"त्यांनी तुला दिले, की तू घेतलेस?"

प्रश्न साधा होता, पण त्याने नातवाची झोप उडवली. काही विक्रेते आपणहून दार उघडतात. एपीआय नावाच्या व्यवस्थेतून एक संगणक दुसऱ्याला रीतसर भाव देतो. त्याला अटी असतात, मर्यादा असतात, आणि देणारा ते दार हवे तेव्हा लावूही शकतो. काहींच्या पानांवर तसे दार नसते, पण यांत्रिक पाहुण्यांनी कुठवर यावे याची पाटी असते. ही पाटी लावण्याचा रिवाज १९९४ पासूनचा आहे आणि २०२२ मध्ये त्याला इंटरनेटच्या मानकाचे रूप मिळाले. ती पाटी म्हणजे कुलूप नव्हे. ओलांडू पाहणाऱ्याला ती अडवत नाही. तिच्यामागे केवळ विश्वास उभा असतो.

काही महिन्यांनी सर्वांत मोठ्या विक्रेत्याने तशी पाटी लावली आणि यंत्रांना भावाच्या पानांवर येण्यास मनाई केली. उपाय माहीत होते. प्रोग्रामला गिऱ्हाईकाचा वेष देता येतो, दर वेळी वेगळ्या पत्त्यावरून पाठवता येतो. या व्यवसायात असे करणारे पुष्कळ आहेत, आणि उघड्या दुकानातला भाव वाचणे ही चोरी कशी, असा त्यांचा सवाल असतो. तो सवाल पोकळ नाही. बाजारात लावलेला फलक वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. पण फलक वाचणाऱ्याला वेष पालटावा लागत असेल, तर आपण काय करतो आहोत हे त्याच्या मनाला ठाऊक असते. न दिलेले घेणे म्हणजे काय, याचा संस्कार ज्या घरात लहानपणापासून होतो, त्या घरातल्या मुलाला कायद्याचे पुस्तक उघडण्याआधीच उत्तर मिळालेले असते.

त्याने त्या विक्रेत्याला रीतसर पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मग त्या रकान्यात त्याने तारीख घातली आणि तीन शब्द लिहिले : भाव आला नाही. आलेखाची रेघ तिथे तुटली. वाचक कमी झाले. काहींनी कळवले की दुसऱ्या एका ठिकाणी सगळे भाव दिसतात, मग इथे कशाला यावे? त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते.

उत्पन्नाची कथाही अशीच नाजूक आहे. संकेतस्थळावरून विक्रेत्याकडे जाऊन कोणी खरेदी केली, की विक्रेता थोडी दलाली देतो. त्यातूनच यंत्राचे भाडे निघते. अडतीच्या धंद्यात आयुष्य गेलेल्याला यातला पेच सांगावा लागत नाही. भाव सांगणारा आणि अडत घेणारा एकच असला, की त्याची जीभ कुठे झुकेल याची पैज कोणीही लावू नये. नातवाने दोन नियम केले : दलालीची गोष्ट पानाच्या वरच्याच भागात लिहायची, आणि क्रम केवळ एकक भावावरून लावायचा, दलाली देणारा आणि न देणारा यांत फरक करायचा नाही. उत्पन्न घटले, पण यंत्राचे भाडे अजून निघते.

एवढ्या खटाटोपाने काय साधते, असे कोणी विचारील. अर्जेंटिनाचे उदाहरण त्यासाठी आठवावे. २००७ च्या आरंभी तिथल्या सरकारने आपल्या सांख्यिकी संस्थेच्या कामात हस्तक्षेप केला आणि महागाईचे सरकारी आकडे बाजारापासून दूर जाऊ लागले. तेव्हा अल्बेर्तो काव्हालो या तरुण अर्थशास्त्रज्ञाने मोठ्या दुकानांच्या संकेतस्थळांवरचे भाव रोज यंत्राने गोळा केले. ऑक्टोबर २००७ ते मार्च २०११ या काळात सरकारी आकड्यांप्रमाणे महागाईचा सरासरी वार्षिक दर सुमारे ८ टक्के होता. त्याच्या नोंदींप्रमाणे तो २० टक्क्यांच्या वर भरला. २०११ मध्ये तिथे स्वतःचे महागाईचे अंदाज प्रसिद्ध करणाऱ्या खासगी सल्लागारांना पाच-पाच लाख पेसो दंड झाला. नुसती भावाची वही. पण ती ठेवणाऱ्यांना दंड करावासा वाटावा, इतके तिच्यात बळ होते. काव्हालो आणि रॉबेर्तो रिगोबोन यांनी २००८ मध्ये एमआयटीमध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने पुढे अनेक देशांचे भाव असेच टिपले.

आपल्याकडेही सरकार भावांच्या नोंदी ठेवते. मार्च २००० पासून ॲगमार्कनेट बाजार समित्यांचे भाव देते. ग्राहक व्यवहार विभाग देशभरातील केंद्रांतून जीवनावश्यक जिनसांचे भाव रोज गोळा करतो आणि ऑगस्ट २०२४ पासून त्या यादीत ३८ जिनसा आहेत. त्यांच्यापुढे एका माणसाचे संकेतस्थळ म्हणजे ओसरीवरची पणती. शिवाय इंटरनेटवरचा भाव म्हणजे साऱ्या बाजाराचा भावही नव्हे; आठवडी बाजारात सुट्या तेलाचे माप घेणारी बाई त्या आलेखात कुठेच नसते. हे संकेतस्थळावर लिहून ठेवले आहे.

बंद झालेल्या विक्रेत्याचा रकाना अजून रिकामाच आहे आणि नातू दर महिन्याला त्याला नवे पत्र पाठवतो. मधल्या काळात दोन लहान विक्रेत्यांनी आपणहून भाव पाठवायला सुरुवात केली. त्यांतले एक दुकान मिरजेचे आहे. त्यांची यादी रोज सकाळी येते, आणि प्रत्येक आकड्यापुढे जिन्नस, माप, तारीख आणि पाठवणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. अण्णा ती फोनवर उघडतात आणि सर्वांत आधी उजवीकडचा रकाना वाचतात.