फिरला पाहिजे, हलता कामा नये

मामा गेले त्याला येत्या कार्तिकात वर्ष होईल. मामींनी त्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे पाठवून दिली. रिंग पाने, टी-पाने, क्लचचा पुलर, सगळं जागच्या जागी. तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेले तीन पाने निघाले. ग्राइंडरवर घासून घासून त्यांची तोंडं इतकी पातळ केलेली, की एखाद्याला वाटावं भंगारातले आहेत. ओतीव इंजिनाची जुनी बुलेट ज्यानं खोलली आहे, त्याला हे पाने कशाचे ते सांगायला नको.

मामा एसटीच्या वर्कशॉपात होते. दिवसभर लेलँड आणि टाटा, संध्याकाळी आणि रविवारी दारात बुलेट. अठ्ठावन्नाव्या वर्षी एसटी सुटली, बुलेट सुटली नाही. मी पंधरा वर्षांचा असताना आईनं मला त्यांच्याकडे सोडलं, ‘ह्याचं शाळेत काही खरं नाही’ म्हणून. पुढं उद्यमनगरात माझं स्वतःचं गॅरेज झालं, पण अवघड गाडी आली की मी ती मामांच्या दारातच न्यायचो.

अवघड म्हणजे बोअर नव्हे, क्रँक नव्हे. ती कामं लेथवाल्याच्या भरवशावर होतात. पॉइंटच्या फटीत पातं घालून माप घेता येतं. बुलेट 350 च्या टॅपेटला पातं नाही. झडपा दोन्ही बंद, पिस्टन वर, इंजिन थंड. पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये. या दोन वाक्यांच्या मध्ये माझी चाळीस वर्षं गेली.

कारण फिरणं म्हणजे किती फिरणं? सहज फिरतो तो सैल आहे का? जरा अडखळतो तो ताठ, की रॉडच्या कपात तेलच नाही? बरं, बोटांना पटलं, आता लॉकनट आवळा. आवळताना माप सरकतं. पुन्हा सैल करा, पुन्हा अंदाजानं थोडं आधीच थांबा, पुन्हा आवळा. टॅपेटच्या झाकणाआडच्या तेवढ्याशा खिडकीत तीन पाने आणि दोन हात. एकदा एका झडपेपाशी मी सकाळचे साडेतीन तास घालवलेत. गिऱ्हाईक शेवटी रिक्षानं कामावर गेलं.

मामांचं ‘थंड’ही वेगळं होतं. दोन तास उभी केलेली गाडी त्यांच्या लेखी गरमच. “रातभर निजू दे तिला,” म्हणायचे. सकाळी सहाला, आंघोळीच्या आधी, लोखंड हाताला गार लागत असताना ते पाटावर बसायचे. डोळे रस्त्याकडे, बोटं खिडकीत. मला म्हणायचे, “फिरतोय न्हवं? मग आता हलवून बघ. हलत न्हाई न्हवं? मग परत फिरवून बघ.” एवढंच शिक्षण.

मी मात्र गप्प इंजिनाच्या नादी लागलो होतो. विशीत होतो, हात चालत होता आणि लोक म्हणायला लागले होते, ‘ह्याच्या हातची गाडी शिलाई मशीनसारखी चालते.’ ते ऐकायची चटक लागली. आवाज मारायचा तर सोपा उपाय आहे: टॅपेट किंचित ताठ ठेवा. टकटक बंद, गिऱ्हाईक खूश. झडप पुरती बसत नाही हे त्याला दिसत नाही. एका फौजी माणसाची गाडी मी अशीच मुकी करून दिली. तीन महिन्यांनी तो ती ढकलत घेऊन आला, कॉम्प्रेशन नावालाही नाही. हेड काढलं तर एक्झॉस्ट झडपेची कड जळून खाल्लेली. मामांनी ती झडप उचलून उजेडात धरली. “लेका, बोलणाऱ्या टॅपेटचं भ्या नसतं. मुका झाला की घाबरायचं.” झडपेचे आणि मजुरीचे पैसे त्यांनी दिले. मी देतो म्हणालोही नाही, हे आज लिहितो.

आता तर मुक्या गाड्यांचाच जमाना आहे. 2010 च्या सुमाराला ओतीव इंजिन बंद झालं, त्याच्या जागी आलेल्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट. तेलाचा दाब आपणच फट भरून काढतो. त्यानंतरच्या इंजिनात तर पुशरॉडच नाही. चांगली इंजिनं आहेत, उगाच नावं ठेवत नाही. राग आहे तो दुसऱ्यांचा. आमच्या पलीकडच्या गल्लीतला एक मिस्त्री सिगारेटचा कागद घालून टॅपेट लावतो आणि वर ‘आपली ट्रिक’ म्हणून शिकवतो. आणि ती पोरं, जी इंदोरी सायलेन्सर लावून गल्लीतली म्हातारी माणसं उठवतात, तीच माझ्याकडे येऊन म्हणतात, ‘काका, टॅपेटचा बारीक आवाज येतोय, घालवा की.’

हे सगळं आज आठवायचं कारण वेगळं आहे. साखरेनं माझ्या बोटांची टोकं बधिर होत चालली आहेत. चहाचा पेला गरम आहे की कोमट, ते तळहाताला कळतं, टोकांना नाही. उजव्या अंगठ्यात काहीच उरलेलं नाही. मी डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका वापरून बघतो. रॉड फिरतो. हलतो का, ते मात्र मी आता ठरवतो. मला ते कळत नाही.

वर्षश्राद्धाचं विचारायला मामींकडे गेलो होतो. बोलता बोलता हे सांगितलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, “त्येंचं तरी काय! तू च्या आणाय गेलास की ह्यांची परत खुडबूड सुरू.”

प्रत्येक गाडीचं टॅपेट लावून झालं की मामा मला कोपऱ्यावर चहा आणायला पाठवायचे. पोरगं दमलं असेल म्हणून पाठवतात, अशी माझी समजूत. मी किटली घेऊन यायचो तेव्हा ते पाटावर बसलेले असायचे, झाकणाचा नट लावलेला, हात फडक्याला पुसत. मग म्हणायचे, “असू दे.” मी ती शाबासकी समजत आलो. मामी सांगतात ते खरं, तर शिलाई मशीनसारख्या चालणाऱ्या त्या गाड्यांतल्या किती माझ्या? की ते नुसते तपासून झाकण लावत होते? मामींना विचारलं, पाना घ्यायचे की नुसती बोटं घालायचे? त्या म्हणाल्या, “मी काय तिथं बसले हुते?”

परवा एक ओतीव गाडी आली. उजव्या पायाला गियर असलेली, मालकाच्या वडिलांची. रात्रभर निजवली. सकाळी पाटावर बसलो, डाव्या करंगळीनं जमेल तसं केलं, मामांचा पातळ पाना स्टुलावर ठेवला आणि हाताखालच्या पोराला म्हणालो, “बस इथं. चहा मीच आणतो.” चहावाल्याकडे मुद्दाम उभा राहिलो, कुणाशीतरी पावसावर बोललो.

परत आलो तर पोरगं मोबाइलमध्ये. झाकण लावलेलं. पाना मी तोंड भिंतीकडे करून ठेवला होता, तो आता रस्त्याकडे तोंड करून होता.

आधी मला राग आला. नंतर पोराच्या हातात पेला दिला आणि म्हणालो, “असू दे.”