पेट्रोल टाकीत होतं, इंजिनात नव्हतं

कुपवाड एमआयडीसीत माझ्याकडे दुरुस्तीला येतात ते फवारणीचे पंप, पॉवर वीडर, खांद्याला अडकवायचे ग्रासकटर, फार तर एखादा जनरेटर. बसून चालवायचं, चार चाकांचं गवत कापायचं यंत्र इथं बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पण काही कारखान्यांनी गेटपासून ऑफिसपर्यंत हौसेनं लॉन केलंय, आणि त्यातल्या एका मालकांनी हे यंत्र जुनं म्हणून कुठून तरी स्वस्तात उचललेलं. जूनचा पाऊस झाला, गवत गुडघ्याला लागलं आणि फोन आला, "बॅटरी गेलीय, येताना नवीन घेऊनच या."

मी मल्टिमीटर घेऊन गेलो. इंजिन चालू झालं नाही की आपल्याकडे पहिला संशय बॅटरीवर आणि दुसरा प्लगवर. कारण सोपं आहे, या दोन्ही वस्तू दुकानात मिळतात.

माळीमामा शेडमध्ये वैतागून उभे होते. "सकाळधरनं चावी फिरवाय लागलोय, हूं न्हाई की चूं न्हाई."

बॅटरीवर मीटर लावला. १२.५ व्होल्ट. भरलेल्या बॅटरीला आणखी किती हवेत? सेल्फ जड फिरत असता, किंवा नुसतं टिक् टिक् वाजत असतं, तर बॅटरी किंवा तिचे गंजलेले टर्मिनल धरले असते. इथं काहीच आवाज नव्हता, म्हणजे करंट स्टार्टरच्या रिलेपर्यंतच पोचत नव्हता. ही यंत्रं मुद्दाम तशी बनवलेली असतात. ब्रेकचं पेडल पूर्ण दाबलेलं हवं आणि पात्यांचं बटण बंद हवं, तरच सेल्फ लागतो. पाती फिरत असताना माणूस सीटवरून उठला तर सीटखालचा स्विच इंजिन बंद करतो. मामांना म्हटलं, "ॲक्टिव्हाचा ब्रेक दाबल्याबिगर सेल्फ लागतोय का?" त्यांच्या लगेच ध्यानात आलं. पण ते ब्रेक दाबूनच चावी फिरवत होते.

पायाशी वाकून बघितलं तर ब्रेकच्या स्विचची दांडी वाळलेल्या गवताच्या आणि चिखलाच्या खपलीत रुतून बसलेली. पेडल खाली जात होतं, दांडी जागची हलत नव्हती. स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून काम भागवणारे फिटर मी बघितलेत. खाली पाती असलेल्या यंत्रात ते मला पटत नाही. खपली खरवडली, दांडी मोकळी केली, सेल्फ लागला. इंजिन खणखणीत फिरलं, पण पकडेना.

मग प्लग काढला. इथं हातात आलेला प्लग नीट बघावा, पुसायची घाई करू नये. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोचतंय, स्पार्क नाही. हा कोरडा ठणठणीत होता. तरी खात्रीला टेस्टर लावून बघितलं, स्पार्क निळा आणि जोरकस. म्हणजे कॉइलचा खर्च वाचला.

"टाकी अर्धी भरलीया की ओ," मामा म्हणाले. टाकी होती खरी. झाकण उघडलं आणि पॉलिशसारखा आंबूस वास आला. उन्हाळ्यात टँकरचं पाणी लॉनला कोण घालणार? गवत वाळलं, यंत्र शेडमध्ये गेलं आणि पेट्रोल तसंच राहिलं.

कार्बोरेटरच्या वाटीखाली पेट्रोल बंद करणारा छोटा सॉलेनॉइड असतो. चावी दिल्यावर तो टक् करत होता, म्हणून वाटी सोडवली. आत चुन्यासारखी पांढरी भुकटी बसलेली, आणि तळाला पाण्याचा एक वेगळा थेंब, पेट्रोलखाली मण्यासारखा घरंगळणारा. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. अशा पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. इथेनॉल उसापासूनही होतं, त्यामुळं आपल्या सांगलीकडे त्याच्याविरुद्ध बोलायची सोय नाही. पण ते हवेतली ओल ओढतं. पाणी ठराविक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉलसह वेगळं होऊन तळाला बसतं, आणि कार्बोरेटरचा तळ म्हणजे नेमकी ती वाटी. रोज चालणाऱ्या मोटरसायकलला याचं काही वाटत नाही, कारण तिच्यात पेट्रोल टिकतच नाही. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या लहान इंजिनाला मात्र ते बाधतं. अशी इंजिनं बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आपल्या पुस्तकात दहा टक्क्यांचीच मर्यादा छापतात.

पितळी मेन जेट उजेडाकडे धरला, भोक दिसेना. असल्या वेळी लोक टाचणी घालतात आणि भोक मोठं करून ठेवतात. मी वायरमधली तांब्याची एक तार सोलून घेतली, तिनं हलक्या हातानं जेट मोकळा केला आणि कार्ब क्लीनरचा फवारा आरपार जाईपर्यंत मारला. टाकी, पाइप, फिल्टर सगळं रिकामं करून ताजं पेट्रोल घातलं. चोक ओढून चावी दिली. इंजिन दोनदा खोकलं, निळसर धूर सोडला आणि लागलं.

मालक बाहेर आले. "बॅटरी बदलली?"

"नाही. जुनं पेट्रोल बदललं."

त्यांना ते फारसं रुचलं नसावं, सव्वीस जानेवारीला भरून ठेवलेला कॅन अजून कोपऱ्यात होता. वाटीचं रबरी सील कडक झालंय, तिथून थोडं झिरपतंय. किट पुण्याहून मागवलंय. तोवर काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, एवढं मामांना करून दाखवलं आणि निघालो.