दोन्ही पाठ

वडखळहून नागोठण्याकडे निघालं की डोलवीनंतर आमचं गडब लागतं. पश्चिमेला खारजमीन, तिच्यापलीकडे धरमतरची खाडी. आजीची वर्षं बांधावरून मोजली जायची. बांधाला खांड गेली त्याच्या आदल्या साली लग्न, पुढच्या साली थोरला मुलगा. बांध फुटून खारं पाणी घरापर्यंत आलं, ते ती सांगू लागली की शेजारची काकी मध्येच अडवायची. आजी म्हणे, पाणी मध्यरात्री आलं. काकी म्हणे, छे, भर दुपारी, मी भाकऱ्या भाजत होते. मी वही घेऊन बसलो होतो. कोणाचं खोडावं कळेना, म्हणून पान कोरंच राहिलं.

कॉलेजात म्हाइंभट वाचले आणि ते पान आठवलं. सराळ्याचे हे शास्त्रसंपन्न पंडित महानुभाव झाले. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर, 1278 च्या सुमारास, रिद्धपुरात स्वामींचे शिष्य नागदेवाचार्यांकडून ऐकून त्यांनी स्वामींच्या लीळा लिहायला घेतल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना गाठलं, विचारलं. स्वामी कुठे बसले, काय जेवले, शिष्या बाइसा कोणावर रागावल्या, महदाइसेनं काय विचारलं, सगळं मराठीत. पुढे परचक्राच्या धावपळीत मूळ पोथी गेली. हिराइसेसारख्यांना लीळा मुखोद्गत होत्या, त्यावरून ती पुन्हा उभी राहिली, असं महानुभाव परंपरा सांगते. आजही पोथ्यांत एखाद्या लीळेला ‘वासना’ म्हणून दुसऱ्याची वेगळी आठवण जोडलेली दिसते. कोणाचीच खोडलेली नाही. मला तर त्या जोडण्यांपाशीच पोथी जिवंत वाटते.

त्याच शतकात इंग्लंडात सेंट ऑल्बन्सच्या मठात मॅथ्यू पॅरिस नावाचा संन्यासी बखर लिहीत होता. 1217 मध्ये तो मठात आला. फ्रान्सच्या राजानं 1255 मध्ये इंग्लंडच्या राजाला हत्ती भेट दिला, तर यानं त्याचं चित्र काढून ठेवलं. 1257 मध्ये तिसरा हेन्री आठवडाभर मठात राहिला आणि स्वतः त्याला माहिती पुरवत गेला. केवढं भाग्य! पण माझा जीव म्हाइंभटांकडेच ओढतो. त्यांना सांगायला राजा नव्हता. भिक्षा मागून जगणारी माणसं होती आणि त्यांच्या आठवणी.

आजी गेल्यावर मी ती वही काढली. अमावास्येच्या उधाणाची भरती आमच्याकडे दुपारीही चढते आणि मध्यरात्रीही, हे इतकी वर्षं खाडीकाठी राहून मला सुचलं नव्हतं. ‘आजी : मध्यरात्र. काकी : दुपार.’ एवढं लिहून काकीला वाचून दाखवलं. आजीच्या वाक्यापाशी मी थांबलो, पण या वेळी तिनं अडवलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “तुझ्या आजीनं त्या रोजी माझं बियाण्याचं भात आधी माळ्यावर चढवलं, मग स्वतःचं. तेही लिव.”