दिसलं तरच वाजवा

फुटबॉलमधलं ज्याला काहीच कळत नाही तो पक्षपात तरी काय करणार, या एकमेव गुणवत्तेवर आमच्या रोडपालीच्या सोसायटीने मला रेफरी नेमलं. सामना ए विंग विरुद्ध बी विंग, मुलामुलींचा. बक्षीस वडापाव. तोवर मला शिट्टी ठाऊक होती ती कुकरची. तीन झाल्या की गॅस बंद करायचा, हा त्यातला एकमेव नियम.

शेवटच्या मिनिटाला बी विंगच्या गोलासमोर घोळका झाला. ‘हात! हात!’ असा ओरडा उठला. मी शिट्टी फुंकली, पेनल्टी दिली. गोल झाला, बी विंग हरली. आम्ही राहतो बी विंगमध्ये, आणि संघात आमचे चिरंजीवही होते. ‘पैसे खाल्ले!’ असं गॅलरीतून कुणीतरी ओरडलं. वडापावच्या सामन्यात पैसे चारणार कोण, हा साधा हिशेबही कुणी केला नाही. त्या रात्री जेवताना आमच्याकडे फक्त ताटवाट्या बोलत होत्या.

मग समदुःखी शोधायला बसलो. २००६ च्या विश्वचषकात क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया सामन्यात इंग्लंडच्या ग्रॅहम पोल यांनी एकाच खेळाडूला तीन पिवळी कार्डं दाखवली. वास्तविक दुसऱ्यालाच त्याला बाहेर काढायचं. बहुधा त्यांनाही कुकरचाच नियम ठाऊक असावा! पण पोलनी चूक सरळ कबूल केली. त्या स्पर्धेत त्यांना पुढे सामना मिळाला नाही, ते मायदेशी परतले.

आपल्याकडचं उदाहरण ३ मार्च २०२३ चं. बंगळुरूत सुनील छेत्रीने केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारली. रेफरीने गोल दिला आणि केरळचा संघ मैदान सोडून चालता झाला. दंड झाला चार कोटी! अहो, हिशेब चुकला असं वाटलं तर गिऱ्हाइकाने तक्रारवही मागावी. पासबुक फेकून निघून गेलं तर खात्यात पैसे वाढत नाहीत.

दुसऱ्या दिवशी जिन्यात बी विंगची गोलकीपर भेटली. वय वर्षं दहा.

‘‘काका, हात लागलेला तुम्ही बघितलात?’’

‘‘नाही गं.’’

‘‘मग शिट्टी का वाजवलीत?’’

बावीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या ऑडिटरने मला इतकं अडचणीत टाकलं नव्हतं. आमच्याकडे कॅश कमी भरली तर कॅशियर खिशातून भरतो. रेफरीने काय भरायचं? बी.कॉम.ला शिकलो होतो, एक बाजू जमा तर दुसरी नावे. मान तेवढा जमेला धरायचा आणि जबाबदारी नावे टाकायची नाही, म्हटलं तर ताळा जुळणार कसा?

संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद लावला: ‘कालची पेनल्टी मी न पाहता, ओरड्याला घाबरून दिली. चूक माझी. निकाल मात्र कायम.’ खाली बँकेतल्यासारखी पूर्ण सही.

सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘आता पुन्हा कोण बोलावतंय!’’

पुढच्या रविवारी दुपारची डुलकी लागते न लागते तोच चिरंजीवांनी हलवलं. हातात शिट्टी.

‘‘बाबा, चला. दोन्ही विंगना तुम्हीच हवे आहात.’’ आणि दारातून वळून म्हणाले, ‘‘फक्त दिसलं तरच वाजवा!’’