लाल रंग आधी उडतो

आमच्या घरातलं सामान कधी पूर्ण उघडलंच जायचं नाही. वडील बार्शी लाइटच्या मार्गावर छोटे मास्तर, म्हणजे असिस्टंट स्टेशन मास्तर. कंपनी जाऊन सरकारी रेल्वे आली त्याला वर्षं लोटली होती, तरी लोकांच्या तोंडी बार्शी लाइटच. अडीच फूट रुंदीचा रूळ. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी एवढीच गाडी सुरू झाली, मग एकीकडे लातूर आणि दुसरीकडे पंढरपूर करत मिरजेपर्यंत पोचली. याच रुळावर आम्ही पुढे-मागे सरकत राहिलो. येडशी, ढोकी, पंढरपूर, ढालगाव, मध्येच कुर्डुवाडी. बदलीचा कागद आला की आई पितळेची भांडी पोत्यात भरायला घ्यायची. थोडी भांडी त्या पोत्यांतून बाहेर निघतच नसत, कारण तीन वर्षांसाठी कशाला?

सामानासाठी वडिलांना रेल्वेचा किट पास मिळे. पत्र्याच्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि खाली पोचायचं स्टेशन लिहावं लागे. वडिलांचं अक्षर वाईट. पाचवीत असताना ते काम माझ्याकडे आलं. जुन्या गावावर काळा हात मारायचा, वाळला की नवं गाव लिहायचं. ढोकी लिहायला सोपं. कुर्डुवाडीला जागा पुरायची नाही, शेवटचा डी ट्रंकेच्या कडेवर चढायचा. अक्षरं आधी मोजायची, मधली जागा ठरवायची आणि मगच ब्रश टेकवायचा, हे मी त्या ट्रंकांवर शिकलो. शाळेत चित्रकलेचे मास्तर भेटले, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटही झाली, पण तिथे फुलदाणी आणि निसर्गदृश्य. अक्षरांकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

माझं होतं, कारण समोर दुसरं काही नव्हतं. लहान स्टेशनवर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बघायला काय असतं? कडुलिंब, पाण्याची टाकी आणि पिवळ्यावर काळ्या अक्षरांची पाटी. खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. मी प्रत्येक स्टेशनची पाटी वाळूत काठीने गिरवायचो. कुठला पेंटर मराठी वळणाचा ल काढतो आणि कुठला हिंदी वळणाचा, हे मला लांबून कळायचं. मराठी ल दोन भरल्या गोलांचा, हिंदीतला वेगळ्या वळणाचा. श चंही तसंच. एकाच पाटीवर दोन्ही ल दिसले की मला उगाच अस्वस्थ व्हायचं. वडील म्हणायचे, "गाडी थांबते ना? मग झालं."

आषाढीला मात्र पंढरपूरचं स्टेशन ओळखू यायचं नाही. डबे भरून माणसं टपावर बसत, आणि वडील त्या आठवड्यात घरी फक्त जेवायला येत. एरवी त्याच फलाटावर भोपळ्यांचे ढीग पडलेले असत. मोठे, जाड सालीचे, भीमाकाठच्या भागात पिकवलेले. ते मिरजेला जातात आणि त्यांचे तंबोरे होतात, हे मला हमालाने सांगितलं होतं. माझा विश्वास बसला नव्हता. भोपळा म्हणजे भाजी.

वर्तमानपत्र पार्सलबरोबर उशिरा यायचं. त्यातल्या नाटकांच्या जाहिराती मी कापून ठेवायचो. कमल शेडगे हे नाव तेव्हा माहीत नव्हतं. इतकंच दिसायचं की कुणीतरी नाटकाचं नाव असं काढतंय की नाटक न बघताच ते कसं असेल ते कळावं. ती कात्रणं वहीत चिकटवलेली होती. एका बदलीत ती वही कुठेतरी राहिली.

माझी मुलाखत घ्यायला येणारी तरुण मंडळी आता हमखास विचारतात, "इतकी गावं बदलली म्हणून तुमच्यात कलाकार आला का?" ऐकायला गोड वाटतं. मला ते पटत नाही. गावं बदलून नजर मिळते, हे खरं. पण नजर म्हणजे हात नव्हे.

दहावीनंतर कोल्हापूरला कलाशाळेत गेलो आणि पोटासाठी सिनेमाच्या बॅनरच्या कारखान्यात लागलो. बाबूराव पेंटरांचं गाव, त्यामुळे बॅनर रंगवणाऱ्यालाही तिथे मान होता. चौकटी पाडून छोट्या फोटोवरून वीस फुटी चेहरा उभा करायचा. चेहरा मालक करत, आम्ही पोरं पार्श्वभूमी आणि अक्षरं. सिनेमा उतरला की बॅनरही उतरे. त्याच कापडावर पांढरा मारायचा आणि शुक्रवारच्या सिनेमाची तयारी. एका नायिकेच्या कपाळाखाली किती नायिका पुरलेल्या असत, देव जाणे.

पुण्यात जाहिरात एजन्सीत काही वर्षं काढली. ब्रोमाइड, लेट्रासेट, रबर सोल्युशन, कात्री. पगार बरा होता. केलेलं काम दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यायचं आणि तिसऱ्या दिवशी त्यात भजी बांधली जायची. त्या काळाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

लग्न मिरजेत ठरलं. ही तिथल्या एका हॉस्पिटलात नर्स होती, पक्की नोकरी. पुण्याला येणार का, विचारलं तर म्हणाली, "तुमचा ब्रश कुठेही चालेल. माझी ड्यूटी इथे आहे." मुद्दा बिनतोड होता. 1989 मध्ये मी मिरजेत उतरलो आणि किल्ल्याच्या बाजूला एक गाळा घेतला.

मिरज हे डॉक्टरांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वानलेसांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून पेशंट इथे येतात. म्हणजे गल्लोगल्ली दवाखाने, आणि प्रत्येक दवाखान्याला पाटी. नावापेक्षा डिग्र्या लांब. दुसरं गिऱ्हाईक सतारमेकरांचं. तिथे माडीवर वाळत टांगलेले भोपळे पाहिले आणि हमाल खरं बोलत होता हे कळलं. त्यांच्या दुकानांच्या पाट्या मी केल्या. अक्षरांत तारा नि खुंट्या घालू नका, एवढं मात्र प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं.

माझं खरं शिक्षण तिथे सुरू झालं, आणि तेही तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात. तोवर माझं कुठलंच काम माझ्यासमोर म्हातारं झालं नव्हतं. ट्रंकेवरचं गाव मीच पुसत होतो, बॅनरवर पांढरा लागत होता, जाहिरात रद्दीत जात होती. आता मात्र रोज सायकलवरून आपल्याच पाट्यांखालून जावं लागत होतं. पश्चिमेकडे तोंड असलेल्या पाटीवरचा लाल सगळ्यांत आधी उडतो. निळा बराच टिकतो. काळा मरत नाही, गेरूच्या जातीतला तांबडाही मरत नाही. पत्र्याला आधी रेडऑक्साइडचा हात नीट बसला नसेल तर खिळ्याभोवती गंज फुटतो आणि नेमका अनुस्वारासारखा दिसतो. बारीक काना दोन पावसाळ्यांत पातळ होतो, म्हणून तो मुळातच थोडा भरून काढायचा. यातलं काहीही कोल्हापुरात कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणार कसं? तिथे पाटीला म्हातारपणच नव्हतं. त्यानंतर मी गिऱ्हाइकाला आधी विचारू लागलो, दुकानाचं तोंड कुठल्या दिशेला? लोकांना वाटायचं, पेंटर वास्तुशास्त्र बघतो.

2000 नंतर फ्लेक्स आला आणि वर्षभरात निम्मं काम गेलं. रागवायचं कुणावर? स्वस्त होतं आणि संध्याकाळी मिळत होतं. पण उन्हाने त्यालाही सोडलं नाही. चौकातले पुढारी दोन उन्हाळ्यांत निळे पडतात, ते बघताना मला थोडं बरं वाटतं, हे लपवत नाही. मी पुस्तकांची शीर्षकं आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरची अक्षरं करू लागलो. मुलीने स्कॅनर घेऊन दिला. कॉम्प्युटरवरचा मंगल हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशींनी काढलेला आहे हे कळल्यावर त्या पडद्याकडे बघायची माझी नजरही जरा निवळली.

मधल्या काळात तो अरुंद रूळ उखडून ब्रॉडगेज झालं. येडशीला परत एकदा जाऊन या, असं ही म्हणते. मला फारशी ओढ नाही. वेळही नाही.

गेल्या महिन्यात एका डॉक्टरांचा मुलगा आला. वडिलांची पाटी मी मिरजेतल्या पहिल्या वर्षी केलेली, मधे दोनदा हात मारलेला. आता त्यालाही तिथेच बसायचं होतं. "बाबांचं नाव हलवायचं नाही आणि माझंही त्याच अक्षरात पाहिजे," म्हणाला. मी फूटपट्टी लावली. नाव बसत होतं, डिग्र्या बसत नव्हत्या. म्हटलं, शेवटच्या दोन गाळा. तो म्हणाला, "काका, त्या दोनसाठी पाच वर्षं गेलीत माझी!" शेवटी पत्रा खाली नऊ इंच वाढवायचा ठरला. वेल्डिंगचा खर्च त्याचा, लाल रंग कुठेही वापरायचा नाही ही अट माझी. ॲडव्हान्स घेतला आणि सोमवारी या म्हणून सांगितलं.